आक्कांचा बेंदूर

आमच्या कंट्रोल रूमच्या भिंतीवर एक मोठा पडदा होता. सांगलीबाहेरच्या एमआयडीसीतल्या आमच्या डेटा सेंटरमधलं प्रत्येक यंत्र त्या पडद्यावर एका चौकोनात दिसायचं. यंत्र ठीक असलं की चौकोन हिरवा, कुरकुरायला लागलं की पिवळा, बंद पडलं की लाल. पाहुणे आले की मॅनेजरसाहेब त्यांना चहाच्याही आधी तो पडदा दाखवायचे. सगळं हिरवंगार दिसलं की पाहुणे खूश आणि साहेबही खूश. आक्का मात्र मनात आलं की खुर्ची ओढायच्या, तिच्यावर चढायच्या आणि त्या पडद्यावर शाल टाकायच्या.

शाल सत्काराची असायची. आमच्याकडे येण्याआधी आक्का एका साखर कारखान्याच्या पॉवर हाऊसमध्ये शिफ्ट इंजिनिअर होत्या. बाईमाणूस आणि पॉवर हाऊसमध्ये, म्हणून दर महिला दिनाला कोणी ना कोणी त्यांना बोलवायचं आणि हातात शाल-नारळ द्यायचं. नारळ घरी जायचा, शाल ऑफिसच्या कपाटात. पडदा झाकून झाला की त्या खाली उतरायच्या, हात झटकायच्या आणि आम्हाला विचारायच्या, "आता सांगा, आत काय चाललंय?"

मी नवीन असताना पहिल्यांदा हा प्रश्न माझ्यावर आला, तेव्हा मी म्हणाले, "सगळं ठीक आहे." तिथेच माझं चुकलं. 'ठीक' या शब्दाशी त्यांचं हाडवैर होतं.

"ठीक म्हंजी काय गं? तुमच्या आष्ट्यात कुनालाबी इचार, कसं हाय? बरं हाय म्हनंल. अंगात ताप असला तरी बरं हाय म्हनंल. ही मशिनं आपल्याच गावात ऱ्हात्यात. त्यांचं बरं हाय ऐकून तू परत येणार व्हय?"

मग मला आत जावं लागलं. कुठल्या रांगेत पाठीला जरा जास्त ऊब लागते, कुठला पंखा काल गप्प होता आणि आज गुणगुणतो, कुठे रबर तापल्याचा वास येतो, हे सगळं फिरून बघायचं, परत येऊन सांगायचं, आणि मगच शाल निघायची. त्यांना पडदा खोटा वाटायचा असं नाही. पडद्यामुळे आम्ही आत जायचं विसरू, ही त्यांची भीती होती.

डेटा सेंटर म्हणजे काय, हे मी आमच्या आईला अजून नीट सांगू शकलेले नाही. दूध संघांची बिलं, मिरजेच्या दवाखान्यांतले एक्सरे आणि रिपोर्ट, विट्याच्या सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांच्या देशभरातल्या दुकानांची माहिती, हे सगळं जिथे साठवलेलं असतं ती कॉम्प्युटरची कोठी, असं मी तिला सांगते. कृष्णेच्या पाण्याच्या धाकानं ही कोठी दुसऱ्या मजल्यावर आहे. कॉम्प्युटर सांभाळणारे लोक वेगळे. त्या कॉम्प्युटरना वीज आणि गारवा क्षणभरही कमी पडू द्यायचा नाही, एवढंच आमच्या विभागाचं काम. आक्का त्या विभागाच्या प्रमुख होत्या. मॅनेजरसाहेबांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे त्यांना आक्काच म्हणायचे. मुख्य ऑफिसच्या कागदांवर त्यांचं काय नाव होतं, ते आठवायला आम्हाला जरा वेळ लागायचा.

दिसायला ठेंगण्या, अंगानं भरलेल्या. सुती साडी, तिच्यावर खिशाखिशांचा खाकी कोट, पायात सेफ्टी बूट आणि कपाळावर मोठी मरून टिकली. या टिकलीचं एक प्रकरण आहे.

एका पावसाळ्यात पडद्यावरचा एक चौकोन सारखा पिवळा व्हायला लागला. हॉलच्या त्या कोपऱ्यात हवेतला ओलावा वाढतोय, असं तिथला सेन्सर सांगत होता. आक्का म्हणाल्या, सेन्सर बिघडलाय. बदलला. नवाही तेच सांगायला लागला. आक्का म्हणाल्या, हाबी तसलाच. तोही बदलला. तिसराही जेव्हा तेच बोलला, तेव्हा आमचा इलेक्ट्रिशियन दत्ता भिंतीमागच्या खोलीत जाऊन बघून आला. हॉलमधली गरम हवा त्या खोलीतून परत फिरायची, त्यामुळे ती खोली कायम उबदार. तिथे सगळ्या वॉचमन लोकांचे ओले रेनकोट रांगेनं वाळत टाकलेले होते. वॉचमन म्हणाले, आक्कांनीच परवानगी दिली. खरंच दिली होती. बिचारे भिजून येतात म्हणून.

आक्का त्या सेन्सरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. कपाळावरची टिकली काढली आणि त्याच्यावर चिकटवली. "तू खरं बोलत हुतास बाबा. मीच आडमुठी," म्हणाल्या. तेव्हापासून जे यंत्र त्यांना खोटं पाडेल त्याला टिकली, असा रिवाजच पडला. पुण्याहून तपासणीला आलेल्या एका गृहस्थांनी फार गंभीरपणे विचारलं होतं, ही लाल गोल स्टिकर्स कुठल्या एजन्सीची? दत्तानं तितक्याच गंभीरपणे सांगितलं, लोकल एजन्सी आहे.

दत्ता खंडाळ्याकडचा. घरी शेती, विहिरीवर मोटर. ज्यांच्याकडे शेती आहे त्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. वीज कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून शेतकरी मोटरीला 'ऑटो' बसवतो. वीज आली की मोटर आपोआप सुरू. सोय चांगली, फक्त ती शिवारातल्या प्रत्येकाच्या मोटरीला असते. वीज येते, सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात, आणि तेवढा ओढा न सोसून डीपी, म्हणजे शिवाराचा ट्रान्सफॉर्मर, जळतो. मग सगळं शिवार चार दिवस अंधारात. दत्तानं नोकरीला लागल्यावर मोठ्या मायेनं आमच्याकडेही हेच केलं. कपाटाएवढे मोठे एसी हॉलमध्ये ओळीनं उभे होते, त्या सगळ्यांना त्यानं ऑटोवर टाकलं.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी वीज गेली. कॉम्प्युटर बॅटरीवर चालू राहिले, खाली जनरेटर सुरू झाला, सगळे एसी एकदम उठले आणि जनरेटर बसला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बसला. हॉल तापायला लागला. मॅनेजरसाहेब पुण्याला फोन लावत होते, मी बटणांकडे नुसती बघत होते. आक्का जिना उतरून जनरेटरपाशी गेल्या, दोन मिनिटं त्याचं बसणं ऐकलं आणि दत्ताकडे वळल्या.

"दत्ता, तुझ्या गावचा डीपी किती येळा जळला रं?"

दत्तानं कपाळावर हात मारून घेतला. त्याला सगळं कळलं. त्या दिवशी आक्कांनी एसी एकेक करून हातानं सुरू केले, आणि पुढच्या आठवड्यात पाटाच्या पाण्याला असते तशी पाळी लावून टाकली. आधी पहिला एसी उठणार, तो नीट चालला की दुसरा, मग तिसरा. मागचा नीट चालल्याशिवाय पुढच्यानं हलायचं नाही. दत्ताला त्या रागावल्या नाहीत. उलट त्या दिवसापासून तो त्यांचा उजवा हात झाला.

पण आक्कांचा खरा शोध म्हणजे बेंदूर. आमच्या भागात आषाढात बैलांचा सण होतो, तो बेंदूर. आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळायचे, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, असं त्यांना सांगायचं, आणि सणादिवशी मानेवर जू म्हणून ठेवायचं नाही. आक्कांच्या माहेरची बैलजोडी कधीच गेली आणि दारात ट्रॅक्टर आला, पण सण त्यांच्या डोक्यात राहिला. आमच्याकडे जोडीजोडीनं यंत्रं असतात. एक राबतं, दुसरं गरजेला म्हणून नुसतं उभं. आक्कांनी ठरवलं, राबणाऱ्याला पाळीपाळीनं एक दिवस सोडायचं, धुवायचं, पुसायचं, तेलपाणी करायचं, आणि तो पूर्ण दिवस उभ्या यंत्रानं काम ओढायचं.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "आक्का, चालू आहे ते कशाला बंद करायचं?"

"साहेब, दावणीला हुबा हाय त्यो बैल हाय का नुसता दिसतोय, ते जुंपल्याबगर कसं कळायचं? वखत आल्यावर जुंपायचा आन तवा खाली बसला, मंग?"

साहेबांनी परवानगी दिली. तेव्हापासून बेंदूर सुरू झाला. 'उद्या दोन नंबरच्या यूपीएसचा बेंदूर आहे,' अशी मेल सगळ्यांना जायची. मुख्य ऑफिसातून एकदा उलट विचारणा आली, की हा बेंदूर कोण व्हेंडर आहे, त्याचा करार आमच्याकडे दिसत नाही. आक्कांनी माझ्याकडून उत्तर लिहवून घेतलं, त्याला करार लागत नाही, पुरणपोळी लागते. आदल्या संध्याकाळी त्या त्या यंत्रापाशी जायच्या, पत्र्यावर हात ठेवायच्या आणि ओठातल्या ओठात आवतण द्यायच्या. आम्ही हसायचो. हळूहळू आम्हीही हात ठेवायला लागलो.

पुढे त्यांनी माणसांचेही बेंदूर काढले. सकाळी कामावर यावं आणि आक्का दारातच म्हणायच्या, "आज तुझा बेंदूर. फोन हिकडं दे आन घरी जा." फोन त्यांच्या ड्रॉवरमध्ये बंद. त्या माणसाशिवाय दिवस कसा जातो, हे त्यांना बघायचं असायचं. माझा बेंदूर झाला, मी आष्ट्याला जाऊन आईच्या हातचं जेवून दुपारभर लोळले. दुसऱ्या दिवशी कळलं, माझ्यावाचून एक काम अडलं होतं. अलार्मचा एक पासवर्ड फक्त मला माहीत होता. खरं सांगायचं तर मला जरा बरंच वाटलं. आक्कांनी माझ्या चेहऱ्यावरचं ते बरं वाटणं बरोबर हेरलं.

"तुझ्याबगर अडलं ह्यात कवतिक न्हाई बरं का. आपल्याबगर अडतंय अशी कामं दडवून ठिवायची न्हाईत. आत्ताच्या आत्ता दत्ताला सांग."

मी सांगितलं. इतका राग आला होता की दिवसभर त्यांच्याशी धड बोलले नाही. संध्याकाळी त्यांनी शेंगदाण्याचे लाडू आणून पुढ्यात ठेवले आणि मी ते खाल्ले.

आक्कांचा स्वतःचा बेंदूर मात्र कधी झाला नाही. तसं सुचवायची कोणाची छाती नव्हती.

हे सगळं चालू असताना एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. जिना चढताना आक्का मधल्या वळणावर थांबायच्या आणि वरच्या केबलच्या जाळीकडे बघत राहायच्या. आम्हाला वाटायचं, काही तपासत असतील. त्या जाळीत तपासण्यासारखं काही नव्हतं. एक दिवस मी शेजारी जाऊन उभी राहिले, तर त्यांचा श्वास लागलेला ऐकू आला. दुनियेच्या पंख्यांचे आवाज मला ओळखायला शिकवलेली बाई स्वतःचा श्वास माझ्यापासून लपवत होती.

चार दिवसांनी मेजर गेटवर आले. मेजर म्हणजे आक्कांचे यजमान. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण आमच्याकडे पलटणीतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "पोरी, तू तरी तिला सांग. डाक्टर म्हनतोय हृदयाची झडप खराब हाय, आपरेशन करायला पायजे. आता लय दिवस काढता येणार न्हाईत म्हनतोय. ही म्हनती उन्हाळा हू दे. मंग म्हनती पावसाळा हू दे. पलटणीत आर्डर म्हंजे आर्डर. हितं माझी आर्डर कोन ऐकतंय?"

मी आक्कांना विचारलं. त्या हसल्या. "व्हॉल्व लीक हाय म्हनं. मी काय कमी व्हॉल्व बदललेत व्हय? करू की. कारखान्यांचा हंगाम संपू दे, मंग दहावीचे निकाल हायेत, तवा लोड वाढतोय."

"आन निकालानंतर?"

"मंग पावसाळा हायच की."

त्या मस्करी करत होत्या, पण मला धडकी भरली. माझे वडील असाच उपचार पुढे ढकलत राहिले आणि गेले. मला आक्का हव्या होत्या. डेटा सेंटरसाठी नाही, माझ्यासाठी. हे त्यांच्या तोंडावर सांगायची सोय नव्हती, म्हणून मी दत्ताला आणि मेजरांना गाठलं. मेजरांनी मिरजेच्या दवाखान्यात जाऊन तारीख घेतली. मॅनेजरसाहेबांना आम्ही सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी घाम पुसला आणि मग रजेवर सही केली.

आदल्या संध्याकाळी निघताना मी आक्कांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आक्का, आज आवतण घ्या." त्यांना वाटलं, मी उद्याच्या एखाद्या पंपाबद्दल बोलते आहे. "कुणाचा हाय उद्या?" असं विचारत त्या गेल्याही.

सकाळी त्यांनी दारावर कार्ड लावलं तर दार उघडेना. परत लावलं. लाल दिवा. काचेच्या आत मी आणि दत्ता उभे होतो.

"माझं कार्ड का चालंना गं?"

"आज तुमचा बेंदूर हाय आक्का. फोन द्या आन जावा."

मागे मेजर गाडीचं दार उघडून उभे होते, हातात पुरणपोळीचा डबा. आक्कांनी गाडीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि त्यांना सगळं उमगलं. त्या संतापल्या. इतक्या संतापलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला म्हणाल्या, तू कोण लागून गेलीस. दत्ताला म्हणाल्या, तुला मी घडवला आन तू मला भाईर काढतोस. दत्ता मान खाली घालून रडायला लागला. मी दार उघडलं नाही. थोड्या वेळानं त्या पायरीवर बसल्या आणि बसल्या बसल्या त्यांचा श्वास लागला. मग मी दार उघडलं आणि त्यांनी फोन काढून माझ्यापुढे धरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आक्का ऑपरेशन थिएटरमध्ये असताना, आमच्याकडे वीज गेली.

जनरेटर उठला. पहिला एसी सुरू झाला, दुसरा सुरू झाला. तिसरा नुसता गुरगुरला आणि बंद पडला. तिसरा उठेना म्हणून चौथा हलेना, कारण पाळीच तशी लावलेली. पडद्यावर एकेक चौकोन पिवळा पडायला लागला. मिरजेच्या त्या दवाखान्याचे रिपोर्टही आमच्याच हॉलमध्ये होते, तो विचार मी मनात येऊ दिला नाही. मॅनेजरसाहेब म्हणाले, "आक्कांना विचारा, गाडी पाठवू का?" ते काय बोलतायत हे त्यांचं त्यांनाच दुसऱ्या क्षणी कळलं आणि ते खुर्चीत बसले. मी ड्रॉवर उघडला. आक्कांचा फोन तिथेच होता, बंद. मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

दत्ता म्हणाला, "ताई, आमच्याकडं पाळीला मानूस आला न्हाई तर पानी थांबवत न्हाईत. फुडच्याच्या शेतात सोडत्यात."

मी तिसऱ्याला पाळीतून काढला आणि त्याच्या जागी शेवटचा राखीव एसी घातला. त्याचा बेंदूर मागच्याच महिन्यात झाला होता, दिवसभर काम ओढताना मी त्याला डोळ्यांनी पाहिलं होतं. तो उठला. मग चौथा, पाचवा. मी हॉलमध्ये जाऊन एसींच्या रांगेकडे पाठ करून उभी राहिले आणि पाठीला गारवा लागेपर्यंत तिथून हलले नाही.

संध्याकाळी मेजरांचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं. मी धावत जाऊन दत्ताला सांगितलं.

आक्कांना खोलीत हलवल्यावर मी मिरजेला गेले. चेहरा उतरला होता, पण ओठांना रंग आला होता, जो मी वर्षभर पाहिला नव्हता. मेजर चहा प्यायला बाहेर गेले. तेवढ्यात आक्कांनी विचारलंच.

"लाईट गेलती न्हवं? हितं नर्स बोलत हुत्या."

"गेलती. आपल्याकडं जनरेटर उठला. पर तिसरा एसी उठंना. तुमी असताना तर कायम उठायचा. तुमी त्याला काय करत हुतासा?"

आक्का छताकडे बघायला लागल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "त्याला डाव्या अंगाला खाली एक बुक्की घालावी लागती. त्याचं चालू करायचं कॉन्टॅक्टर चिकटतंय."

"आन हे कुनाला म्हाईत हुतं?"

"मलाच," आक्का म्हणाल्या, आणि त्यांना हसू फुटलं. टाके ओढले जायला लागले तशी उशी छातीशी धरून हसल्या. मीही हसले. हसता हसता मी रडायलाही लागले आणि त्यांनी ते बघितलं.

"मंग कसं केलंसा?"

"त्याला पाळीतनं काढला आन राखीव घातला. कॉन्टॅक्टर दत्तानं दुसऱ्या दिवशी बदललं."

त्यांनी उशी बाजूला ठेवली. कपाळ मोकळं होतं आणि त्यामुळे त्या एकदम लहान दिसत होत्या. मग त्यांनी माझा हात चाचपून धरला.

"मी जरा झोपू का?" त्यांनी विचारलं. "तू हाईस न्हवं?"

"हाय की."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, दोन मिनिटांत उघडतील आणि काहीतरी विचारतील. पण हातावरची त्यांची पकड सैल होत गेली आणि त्या दिवसाढवळ्या, तोंड उघडं टाकून घोरायला लागल्या. मेजर चहा घेऊन आले, दारातच थबकले, आणि पावलांचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनी वाकून पायातल्या चपला काढल्या.